एकुलते प्रश्न

ओउलूमध्ये जुलैत रात्र येतच नाही,
दारापर्यंत येऊन माघारी जाते.
तुओवीच्या पडद्यावर वर्षभराचे शोध
उतरत्या क्रमाने उभे:
अख्ख्या फिनलंडने काय विचारलं, किती वेळा.
नावं नाहीत. शब्द, आणि त्यापुढे आकडा.

पहिला 'हवामान'. नेहमीच असतो.
दुसऱ्याला पहिल्याच्या साधारण निम्मं,
तिसऱ्याला तिसरा हिस्सा,
दहाव्याला दहावा,
जणू कुणी पावकी-निमकी म्हणत
पंगतीत वाढत चाललंय
आणि पंगत संपता संपत नाही.
शेवटच्या पानांवर एकेकच शीत.

कुणी ठरवलं हे? कुणीच नाही.
तोर्नियोचा ट्रकवाला, कुओपियोची सुईण,
उद्या परीक्षा असलेला, झोप न लागलेली,
एकमेकांना न विचारता
रोज मिळून हाच उतार बांधतात.
दोन्ही अक्षांवर लॉगची पट्टी लावली
की वळण सरळ होतं,
बर्फ घसरून जावा म्हणून ठेवलेल्या छपरासारखं.
तुओवी त्याला छप्परच म्हणते.
इल्पो म्हणतो, आपला पगार.

लाटाही आहेत.
'डोकेदुखी' रविवारी संध्याकाळी चढते,
'राजीनामा कसा लिहावा' सोमवारी दहाच्या सुमारास.
'बर्फ किती जाड असावा'
नोव्हेंबर लागला की,
सगळे बाप एकाच सकाळी
गोठलेल्या तळ्याकडे बघून
मग मुलांकडे बघत असावेत तसं.

मंगळवारी इल्पोने सांगितलं, शेपूट काप.
ज्यांची मोजणी एक, ते सगळे पुसून टाक.
निम्मी जागा तेच खातात,
आणि एकावरून कसला नियम निघतो?

खरं आहे.
एका ठिपक्यातून कुठलीही रेषा जाते.

तरी ती शेपटापर्यंत उतरली,
पुसण्याआधी एकदा हात फिरवावा म्हणून.
'लाल बूट, फक्त डावा, विकत'
'आईच्या आवाजात गजर लावता येतो का'
'सॉनात रडलेलं ओळखू येतं का'
सगळे एकुलते.
वर्षभरात दुसऱ्या कुणालाच पडले नाहीत असे.

आणि हा, नऊ जुलै, पहाटे तीन बारा:
'बेटावर जायचा बर्फाचा रस्ता आज उघडा आहे का,
आइली वाट बघत असेल'

जुलैत.
समुद्र मोकळा, फेरीबोट चालू,
किनाऱ्यावर पोरं उघडी पोहतायत.
प्रश्नाचा पहिला अर्धा
जानेवारीत हजारदा येतो, लाटेत बसतो.
दुसरा अर्धा कुठेच नाही.

म्हातारं कुणी असेल. किंवा प्यायलेलं.
किंवा नुसतीच थट्टा.
गणितात याला एकच शब्द आहे, गोंगाट,
आणि तो वापरायला तिला
गेली एकोणीस वर्षं कधी जड गेलं नव्हतं.

तिने पुसण्याचा आदेश लिहून ठेवला.
मग दुसरी खिडकी उघडली
आणि तोच प्रश्न विचारला,
अक्षर न् अक्षर, स्वल्पविरामासकट.
उत्तरात आलं फेरीबोटीचं वेळापत्रक.

मोजणी झाली दोन.
छप्पर कुठेतरी केसभर हललं असेल.
मग तिने शेपूट कापलं.

सकाळी इल्पो म्हणाला, आलेख कसा स्वच्छ दिसतोय बघ.
ती 'हो' म्हणाली, कॉफी ओतली.

सॉनाचा प्रश्न मात्र गेला.
त्याचं उत्तर तिला माहीत होतं.