रुझारचे कान

मार्च सरताना वाळपईच्या पुढे
हवेला काजूच्या बोंडांचा वास सुटतो,
अर्धा गोड, अर्धा आंबलेला.
रुझार भट्टीजवळ स्कूटर लावतो,
गळ्यात दुर्बीण, डोक्यावर फेरीबोटीवरची जुनी टोपी,
आणि म्हणतो, "सांग."

मी सांगते.
पाच वर्षं झाली, असंच ठरलेलं आहे.

तीस वर्षं तो इंजिनाशेजारी बसला,
आणि इंजिनानं त्याच्या कानांतले वरचे सूर
एकेक करून उतरवून नेले
पलीकडच्या धक्क्यावर.
आधी रातकिडे गेले. मग शिंजीर. मग नाचण.
त्याला वाटलं, या साली नाचण आलेच नाहीत.
वहीत तसं लिहिलंसुद्धा:
नाचण – ०.
मी तेव्हा शेजारीच उभी होते,
आणि बांबूच्या बेटात, आमच्यापासून हातभर आत,
नाचण जीव तोडून गात होता.
मी काही बोलले नाही.

माझं उलट. मला ऐकू येतं, दिसत नाही.
मोतीबिंदू अजून पिकायचाय म्हणतात डॉक्टर,
जसा काही तो परसातला फणस आहे.

तर मी कान, तो डोळे.
"उजवीकडे. किंदळीवर."
"कितलें वयर?"
"आवाज आहे तिथे."
"आवाज खंय आसा तेंच विचारतां गो बाये!"
एवढ्यात हळद्या उडून जातो
आणि आम्ही एकमेकांना दोष देत
चण्याची पुडी सोडतो.

एप्रिलात त्यानं मला माडीच्या खोडावर
उडता सरडा दाखवला.
"पळय, गळ्याची पिवळी चिठी उघडता, मिटता."
सरड्याला आवाज नसतो. मला खोड दिसलं.
"हो, दिसला की," मी म्हटलं.
त्यानं वहीत दोघांची नावं लिहिली.

भट्टीवरचा गुणो आम्हाला हसतो.
बोंडं तुडवता तुडवता विचारतो,
"पक्षी मोजून पगार कोण देतं तुम्हांला?"
मग स्वतःच नेतो मागच्या रानात,
दोन वाळक्या पानांसमोर उभं करतो.
पानांनी डोळे किलकिले केले.
बेडूकमुख्याची जोडी, एकमेकांना टेकून,
दिवसभर काहीच न करणारी.
त्या दिवशी रुझारला ऐकायचं नव्हतं
आणि मला शोधायचं नव्हतं.
बराच वेळ आम्ही चौघं तसेच होतो.

मग मे. करवंदं काळी झालेली,
ओहोळात पाण्यापेक्षा दगड जास्त.
पिकलेल्या उंबराखाली मी काहीतरी सांगत होते,
सुनेचं, गॅस सिलिंडरचं, आता आठवत नाही.
"ओगी राव," रुझार म्हणाला.
हात छातीवर ठेवलेला.
मी घाबरले. मला वाटलं, दुखतंय.
"येता," तो म्हणाला.
मला फक्त माझाच श्वास.
"येता गो. वोडलें इंजीन."

आणि मग मलाही आलं:
हुश्श, थांबून हुश्श,
कुणी आभाळाला भाता लावल्यासारखं.
डोंगराच्या खांद्यावरून दोन महाधनेश
सावकाश, वजनदार,
जणू फेरी सुटली आहे आणि घाई कुणालाच नाही.
माझ्या धुरकट डोळ्यातही मावले ते,
एवढे मोठे होते.

खालचे सूर त्याच्याकडे शिल्लक होते.
इतकी वर्षं मी विचारलंच नव्हतं.

त्यानं लिहिलं: महाधनेश – २. आधी रुझार.
"आधी रुझार"खाली दोन रेघा ओढल्या.
मग पाणी प्यायला ओहोळाकडे उतरला.

मी वही मागे चाळली, डोळ्याजवळ धरून.
ते शून्य तिथेच होतं.
पण कधीतरी, वेगळ्या शाईनं,
त्यानं त्याला शेपूट काढलं होतं,
पंख्यासारखं उघडलेलं, जरा वाकडं,
आणि एक बारीक चोच.

वही मी होती तशी ठेवली.

परतताना गुणोनं ग्लासभर नीरो दिला.
स्कूटर तिसऱ्या लाथेला सुरू झाली.
बांबूच्या बेटापाशी रुझारनं वेग कमी केला,
मान न वळवता विचारलं,
"आसा?"

"आहे," मी म्हटलं. "डावीकडे. खाली."