उपाशीपोटी

गोदेवरचं धुकं अजून उठलेलं नसतं,
मी स्कूटीच्या डिकीत बर्फाचा डबा ठेवून निघते.
इंदिरानगर, पाथर्डी फाटा, मग अंबड.
लोक दार उघडतात ते बाही वर सरकवतच,
आणि पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच:
"काही नाही खाल्लं हो, पाणीसुद्धा नाही."
जणू मी शनिवार मोडला की नाही ते बघायला आलेय.

बारा वर्षं झाली. नावाआधी मला शिरा आठवतात.
टकले सरांची पळते. शेखभाभींची खोल, बोटानंच कळणारी.

परवा अंबडला देवराम भोयेचं दार वाजवलं
तर आत दोन देवराम.
एक गार्डच्या निळ्या शर्टात, रात्रपाळीवरून नुकताच उतरलेला,
बटणं पोटाशी ताणलेली.
दुसरा काटकुळा, भिंतीला टेकून उकिडवा.
"हा हिरामण. जुळा. पेठकडं राहतो.
ह्याचंबी घ्या ताई, पैसे मी देतो.
बघू तरी कोण खरा."

दोघांनी डावाच हात पुढे केला.
कोपराच्या आत दोघांना तोच तीळ,
शीर तिथंच वळलेली, तिथंच बुजलेली.
सुई टोचताना दोघांनी तोंड फिरवलं
कॅलेंडरकडे, एकाच वेळी.

नळ्यांवर नाव घातलं नसतं
तर ह्यातलं कुठलं नागलीच्या भाकरीवर न् वरईच्या भातावर चाललेलं,
आणि कुठलं रात्री दोनच्या वडापाववर, पहाटेच्या चौथ्या गोड चहावर,
मला सांगता आलं नसतं.
लालच होतं. दोन्ही गरम.

संध्याकाळी कागद आले.
देवराम: साखर दोनशे ऐंशी.
हिरामण: एकोणनव्वद.
वाटलं, बघा! नागली जिंकली, कुणालातरी फोन करावा.
मग खालची ओळ वाचली.
हिरामण: हिमोग्लोबिन सात पूर्णांक नऊ.
आषाढ-श्रावणात कणग्या खरवडतात त्यांच्याकडे,
ते नागलीच्या पाकिटावर छापत नाहीत
कॉलेज रोडच्या दुकानात.

डॉक्टर सोनजे म्हणाले,
"बियाणं एक, वाफे दोन. एवढंच."
मी मान हलवली.
पण गाडीला किक मारताना वाटलं, एवढंच कसं?
बियाण्याला आधीच्या वाफ्याची आठवण नसेल कशावरून?

माझी आई बहात्तरच्या दुष्काळात पोटात होती.
आजी तेव्हा सिन्नरकडे खडी फोडायची,
दुपारी सुकडी, रात्री लाल मिलोची भाकरी, तीही अर्धी.
आईच्या शरीरानं आतूनच कान दिला असणार:
बाहेर काही नाहीये, मिळेल ते धरून ठेव.
मग आई बाहेर आली, कॅनॉलला पाणी आलं,
ऊस आला, दिवाळीला डालडा आला,
लेकीची नोकरी, रविवारची जिलबी आली.
शरीर आपलं धरतंच राहिलं.
चाळिसाव्या वर्षी साखर, एकेचाळिसाव्या वर्षी गोळी.
"मी असं काय खाल्लं गं?" विचारते अजून.
तिला काय सांगू, की तू नाही,
तुझ्या आईनं जे खाल्लं नाही, ते.
आणि हेही पुरतं खरं नाही. मामा तर तिच्या पाठचा,
सुकाळातला. त्यालाही आहे.

जनुकांचं मला फार कळत नाही.
घरातल्या वडीलधाऱ्यासारखी असावीत, असं वाटतं:
काहीतरी पुटपुटत असतात सारखी,
ताटात काय पडलं त्यावर आवाज चढतो, उतरतो.
कधी काही न पडताच चढतो.

देवरामनं फोनवर विचारलं, "मग खायचं काय आता?"
मागून हिरामण म्हणाला, "मला बी विचार."

दहा वाजता डबा लॅबमध्ये टाकून
मी रोजच्या मिसळीच्या दुकानात बसते.
दिवसाचा पहिला घास तिथंच.
पर्समध्ये राखाडी बुचाची एक नळी आहे,
लेबलवर माझंच नाव, तारीख मागच्या फेब्रुवारीची.
उपाशी तर मी रोजच असते.
वेळ होत नाही म्हणते.

"ताई, तर्री?"
"कमी," म्हटलं.
पोरगं वळलं.
"नाही, थांब. आण रोजच्यासारखी."