दोन कोपरे

एम.ए.च्या पहिल्याच आठवड्यात
डॉ. टुलॉकनी पुस्तकांची यादी दिलीच नाही.
म्हणाल्या, टेकडीमागच्या वसाहतीत
नाणी टाकून चालणारी एक लाँड्री आहे.
सहा आठवडे तिथे बसायचं.
प्रश्न विचारायचे नाहीत. वही काढायची नाही.

बसले.
डोक्यात सामाजिक बदलाच्या आकृत्या, त्यांचे बाण,
समोर काचेच्या गोल खिडकीत
कुणाचा तरी एकटा लाल मोजा गरगरत.
दुसऱ्या आठवड्यात कळलं कुठलं मशीन नाणी गिळतं.
तिसऱ्यात, बायका घरी कपडे का वाळवत नाहीत:
भिंतींवर काळी बुरशी, पोरांच्या छातीत घरघर.
चौथ्यात फर्गस म्हणाला, सोडतोय मी हा कोर्स.
माझ्या आईने जन्मभर लोकांची धुणी धुतली,
ते बघायला मी फी भरू?
त्याला द्यायला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पाचव्या आठवड्यात मिसेस रॅट्री खेकसल्या,
"नुसती बघतेस काय? धर!"
डबलबेडची चादर.
दोन कोपरे त्यांचे, दोन माझे.
ताणायची, झटकायची, चालत जायचं एकमेकींकडे,
बोटांना बोटं लागली की आपले कोपरे सोपवून
वाकून खालची घडी उचलायची.
मी दर वेळी चुकत होते.

त्याच दुपारी कुणाच्या तरी खिशातून निघाला
कपड्यांबरोबर धुतला गेलेला कागद.
डंडी नगरपालिकेचं पत्र. शाई गेलेली, उरलं एवढंच:
ओल तुमच्या श्वासामुळे धरते. खिडक्या उघड्या ठेवा.
"हे माझं," इलस्पेथ म्हणाली.
"तुझं कसं? माझं आहे."
मग पर्सा उघडल्या.
सात पत्रं. शब्दन् शब्द तोच,
नावं तेवढी निराळी.
ड्रायर थांबले, तरी कुणी उठेना.
मिसेस रॅट्री म्हणाल्या, "म्हणजे आपण सगळ्याजणी
जरा जास्तच श्वास घेतो तर."

सातजणींनी मिळून एकच उत्तर धाडलं.
त्याला दीड वर्ष झालं, भिजत घोंगडं तसंच आहे.
मी मात्र पास होत आले.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या गृहस्थांनी विचारलं,
या सगळ्यात तुमचा वाटा नेमका काय?
म्हटलं, चादर धरली होती.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
डॉ. टुलॉक म्हणाल्या, कुठले कोपरे?

वरचे, मी म्हणाले.
मग आठवलं. खालचे.
वरचे त्यांच्याकडेच होते.