एक दाबा

टाकळखेडीत रात्री सिंगल फेजच्या वायरीतून
काहीतरी भलतंच आलं.
डीपीवर जाळ दिसला म्हणतात.
सकाळी सेवा केंद्रात मडावीताईंचा कॉम्प्युटर
बटण दाबलं की पंखा तेवढा फिरवायचा,
बाकी गप्प.

मी वणीहून बोर्ड नेला.
डिस्क तीच ठेवली, रॅम तीच, डबा तोच,
डब्याच्या कुशीवरचा परवान्याचा स्टिकरही तोच;
फक्त दसऱ्याला ताईंनी पूजा केली तेव्हा
कुंकवाचं बोट नेमकं चौथ्या रकान्यावर पडलेलं.
तिथं आठ आहे की बी, देवालाच ठाऊक.

चालू झाला.
फायली जागच्या जागी, सोयाबीनच्या नोंदणीची यादी,
पडद्यावर ताईंच्या पोराचा झोळीतला फोटो.
आणि उजव्या कोपऱ्यात फिकट अक्षरं:
परवाना या यंत्राचा नाही.

बाकावर झिबलबुवा कोहळे,
नोव्हेंबरचा, जिवंत असल्याचा दाखला द्यायला आलेले.
"काय म्हन्ते थे?"
"म्हन्ते, हा थो कॉम्प्युटर नोहे."
"अन् तू काय म्हन्तं?"

मी काय म्हणणार.
आमच्या डवऱ्याची दांडी दोनदा बदलली, पास तीनदा,
अजून शेजारी मागायला येतात ते
आबाचं डवरंच मागायला येतात.
कंपनीचा हिशेब निराळा.
डिस्क बदला, रॅम वाढवा, ती डोळा झाकते;
बोर्ड गेला की मात्र माणूस गेला,
परवाना त्याच्यासोबत सरणावर.
फेरफार नाही, वारसनोंद नाही.
सुटा घेतला असता तर नव्या घरी आला असता;
ताईंनी डब्यासकट घेतलेला,
स्वस्तात, हप्त्यानं.

शेवटी फोन.
नऊ रकाने, एकेकात सात आकडे.
आकडे आत पडद्यावर,
रेंज बाहेर कडुनिंबाखाली.
ताई आतून ओरडतात, मी बाहेरून दाबतो,
आणि उंबऱ्यावर झिबलबुवा,
वाऱ्यानं सांडलेला आकडा उचलून देणारे:
"पाच! पाच म्हन्ते बाई, पन्नास नाही!"

पलीकडची बाई रेकॉर्ड केलेली. तिनं विचारलं,
ही प्रत किती यंत्रांवर आहे?
एकाच असेल तर, एक दाबा.

मी एक दाबला.
खोटं नव्हतं ते.
जुना बोर्ड माझ्या थैलीत होता,
जळक्या बिब्यासारखा वास मारत.

मग तिनं आकडे दिले, आठ रकाने,
आता ओरडायची पाळी माझी.
कोपऱ्यातली अक्षरं गेली.
यंत्र तेच आहे, असं ठरलं.

नंतर झिबलबुवांचा नंबर.
उजवा अंगठा: जुळत नाही.
डावा: जुळत नाही.
तर्जनीला खोबरेल चोळलं, पदरानं पुसलं, पुन्हा ठेवली.
साठ हंगाम बोंडं वेचून
बोटं वर्धेतल्या गोट्यांसारखी झालेली.
"मले बी फोन लाव ना बापा," ते म्हणाले,
"सांग तिले, एकच हाये."

मधलं झालं, अनामिका झाली.
बाहेर रांगेत कुणीतरी खोकलं.

लागली ती डाव्या हाताची करंगळी.
हिरवी खूण आली. ताईंनी प्रिंट काढली.
झिबलबुवा करंगळी उन्हात धरून
जरा रागानंच पाहत राहिले तिच्याकडे,
जन्मभर काम चुकवलेला धाकटा
ऐन वेळी कचेरीत
साक्षीला उभा राहावा, तसं.