डावा कान

पहिल्यांदा एकच होती.
ओंबळ्यांच्या बंद पडलेल्या स्कूटरवर,
राखेच्या रंगाची, पोट सीटवर पसरलेलं.
तिला दूध कोणी घातलं,
ते आता अख्ख्या माथाडी कॉलनीत कोणी कबूल करत नाही.
मी घातलं होतं. मी एकटीनं नाही.

दोन वर्षांत सत्तावीस.
आकडा माझा आहे, वहीत आहे.
रांजणे भाऊंनी मीटिंगला विचारलं, "पण मोजणार कोण?"
आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या,
कारण माझा माणूस गेलेला,
पोरी आपापल्या घरी,
म्हणजे मला वेळच वेळ.

मोजायला बसा एकदा तुम्ही.
काळी दोन आहेत, की एकच दोनदा येतंय?
नावं ठेवायची नाहीत, असं ठरवलं होतं.
नाव ठेवलं की भात कालवावा लागतो.
वहीत नुसतं: लंगडा. शेपूटतुटकी.
डी विंगचा बोका, ज्याचा एक डोळा पिकलाय.

तक्रारीही मीच लिहून घेतल्या.
टाकीच्या झाकणावर घाण.
पार्ट्यांच्या नातवाच्या पाळण्यात, त्याच्याच दुपट्यावर, एक झोपलेली.
रात्री दोनला गच्चीवर असा कालवा
की सपकाळांची सून दचकून उठली,
तिला वाटलं, आपलंच बाळ.

एका सकाळी चार पिल्लं गोणीत गेली, खाडीकडे.
कोणी नेली ते सगळ्यांना ठाऊक.
मी लिहिलं: चार कमी.
महिन्याच्या आत सहा वाढली.

मग मेहेक आली, कोपरखैरण्याहून,
रिक्षात तीन पिंजरे, हातावर ओरखडे.
"काकी, मारायचं नाही. ऑपरेशन करून
पुन्हा इथंच सोडायचं.
डाव्या कानाचं टोक कापतात,
म्हणजे झालेली लांबून ओळखू येते."
मी म्हटलं, बिस्किटं ठेव बाजूला.
सुका बोंबील आण, मी भाजून देते.
पहिल्या रात्री त्या वासानं पाच आत आली.
आणि बी विंगच्या गॅलरीत दोन पुरुष.

राखेरी मात्र अकरा दिवस हुकली.
बाराव्या दिवशी दार पडलं, तर ओरडली नाही.
बघत राहिली माझ्याकडे.
मी जुनं लुगडं टाकलं पिंजऱ्यावर.
अंधार केला की गप होतात, असं मेहेक सांगायची.

मेढ्याला आमचा अंधार वेगळा होता.
दवाखान्याची लांब खोली, वीज गेलेली,
सतरंज्यांवर ओळीनं तेवीस बायका,
आणि कोणाच्या तरी बांगड्या वाजायच्या, कूस बदलताना.
तिसऱ्या पोरीनंतर मी आपल्या पायांनी गेले होते.
सासूला न सांगता.
मालक इकडे कांदा-बटाटा मार्केटात गोण्या वाहत होते,
त्यांना पत्रानं कळवलं.
सहा महिने उत्तर नाही.

पण मला विचारलं होतं. दोनदा.
सही कुठं करायची ते बोटानं दाखवलं होतं.

तिसऱ्या दिवशी राखेरीला सोडली.
पिंजऱ्याच्या तोंडाशी थांबली थोडी,
पोटाचे केस भादरलेले, कान बोथट,
मग स्कूटरखालून गेली ती गेली.
आठ दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही.
मी बशी ठेवत राहिले, कावळे खात राहिले.

वहीत आता बावीस खुणा आहेत.
रात्री गच्ची गप असते.
रांजणे भाऊ म्हणतात, काकींनी कॉलनीचं भलं केलं.
शाल देणार होते, राहून गेली.

काल भाजीच्या टेम्पोतून एक उतरली.
पिवळी. पोक्त. गेटपाशी बसून
वॉचमनच्या डब्याकडे बघत होती.
मी चष्मा पुसून नीट पाहिलं.
दोन्ही कान पुरे.
पोट सैल लोंबत होतं.

खाली जाऊन विचारावंसं वाटलं, कुठली गं तू?
वर आले.
तवा ठेवला.