दारातलं भोक

चोरी झाली तेव्हा आम्ही तिघं गच्चीवर झोपलो होतो.
मे महिना. स्लॅबवर पाणी मारावं म्हटलं तर
पाणी आमच्या वीडी घरकुलात पाचव्या दिवशी,
तेही रात्री दोनला.
जिना घरातूनच. खाली दाराला आतून कडी.

सकाळी दार सताड उघडं.
गेलं काय काय: गॅसची टाकी, मिक्सर,
पितळेच्या डब्यातले भिशीचे चार हजार,
आणि माझी पान कापायची कात्री.
कात्री कशाला नेली असेल मेल्यानं?
तो काय वीड्या वळणार आहे?

पोलीस आले. कडी शाबूत, कोयंडा शाबूत,
बिजागरीवर ओरखडा नाही.
"आतल्यानंच उघडलं असणार," म्हणाले
आणि माझ्या मुलाकडे बघितलं.
मी गप्प. हे गप्प.
ह्यांच्या हातात ते सूत होतं.

सूत कसलं, ते सांगायला पाहिजे.
तीस वर्षं ह्यांची रातपाळी. मागावरून पहाटे तीनला सुटायचे.
दार वाजवलं की बाळ उठायचं, बाळ उठलं की मी,
मी उठले की दुसऱ्या दिवशी हजार वीड्यांच्या आठशे व्हायच्या.
म्हणून ह्यांनी गिरमिटानं दाराला भोक पाडलं,
कडीला चादरीचं तांबडं सूत बांधलं,
चौपदरी, मेण लावून,
टोक बाहेर सोडलं.
ओढलं की कडी सुटायची. आवाज नाही.
आधी तेलाचा वास आत यायचा, मग हे.

गल्लीला ठाऊक होतं.
चिलवेरींची म्हातारी साखर मागायला यायची ती सूत ओढूनच.
गॅसवाला. भिशीच्या बायका. वीडी कारखान्याचा पोरगा.
ह्यातला कोण, ते मोजायला बसले
आणि हाताची बोटं पुरेनात. मग उठले.

शरणप्पा बडिगेर आला, कानावर पेन्सिल.
कलिंगड बघतात तसं दार ठोकून बघितलं.
"दार चांगलं हाय वैनी, चौकट भुसा झालीय.
कुलूप कितीचं बी घ्या,
स्क्रू अर्ध्या इंचाचे असले की एक लाथ. बस्स."
मग तीन इंची स्क्रू, भिंतीत घुसणारे.
कोयंड्यामागं लोखंडी पट्टी.
सागवानी आडणा.
आणि ओढलं की आपोआप लागणारं कुलूप, तीन किल्ल्या.
तिसरी कुणाकडे ठेवायची यावर दोन दिवस भांडलो.
ती कुठं आहे ते मी इथं लिहिणार नाही.

शेवटी राहिलं भोक.
"खुंटी मारू का राजेशमअण्णा?"
"मार. चोराला वाट मीच करून दिली."
शरणप्पानं बोट घालून बघितलं. म्हणाला,
"कशाला? आयतं भोक हाय. काचेचा डोळा बसवू. दीडशे रुपये."

डोळ्यातून चिलवेरींची म्हातारी
वाकडी दिसते, लांब,
कुठल्या तरी परगावची.
तिला बेल वाजवणं जमत नाही. बाहेर उभी राहून खोकते.

परवा पाणी आलं. हे मोटार लावायला बाहेर गेले,
वाऱ्यानं दार ओढलं, कुलूप लागलं.
शरणप्पाचं काम चोख.

मला जाग आली ती आवाजानं नाही. आवाज नव्हताच.
तीनच्या सुमाराला माझा कान अजून उठतो.
जाऊन काचेला डोळा लावला.
काही दिसेना. नुसता काळोख,
आणि तो हलत होता.
मग कळलं, बोट आहे.
काचेवर सूत चाचपतंय.

मी लगेच उघडलं नाही. बघू तरी, वाजवतात का.

नाही वाजवलं.
बोट बाजूला झालं. हे पायरीवर बसले,
एवढेसे,
भरल्या बादलीच्या कडेवर हात ठेवून.

कुलूप फिरवलं तर खटकन आवाज झाला,
आणि आम्ही दोघं, मी आत, हे बाहेर,
जागच्या जागी थबकलो: बाळ उठेल.

बाळ घोरत होतं,
सव्वीस वर्षांचं.