पहिला घोट

त्या सालीचं नाव मी सांगणार नाही.
कागदावर अंगठा उठवण्याआधी पापा न्गिमफाकनी
एवढं एकच वचन मागितलं होतं.
तेव्हा नुसती साल म्हणू. तांबडी, चिवट,
कुटताना शिंका आणणारी.

चांगच्या टेकड्यांवरून धुकं निघायच्या आत
मी नऊ उंदरांचा तराजूवर नंबर लावते.
सगळ्या माद्या. नियमच आहे तसा:
न व्यालेल्या, आठ ते बारा आठवड्यांच्या.
माद्यांना विष लवकर कळतं, म्हणे.
मी हे मोठ्याने वाचलं तेव्हा
झोएल पिंजऱ्यातला भुसा बदलत होता. तो हसला.
मी नाही हसले.

शेपटीला पिवळी खूण. एक पट्टा, दोन पट्टे, तीन.
डाव्या हातात मानेची सैल कातडी,
बोथट सुई जिभेच्या कडेने आत,
सावकाश,
घाई झाली तर काढा फुफ्फुसात उतरतो
आणि दोष सालीच्या माथी येतो.
हे मला कुणी शिकवलं नाही.
वहीत आहे: क्रमांक चार, मृत्यू, चूक माझी.

मग बघत बसायचं.
अर्धा तास. चार तास. चौदा दिवस.
केस उभे राहिले का, डोळ्यांत पाणी, थरथर, लाळ.
रकान्यांतून माझं पेन चालतं:
नाही, नाही, खाते आहे, नाही,
झोपली, नाही.
कुणाला काही होत नाहीये
हे इतकं टक लावून मी घरीसुद्धा कधी पाहिलेलं नाही.

पापांच्या गावचा आठवडा आठ दिवसांचा.
बाजाराच्या दिवशी ते येतात.
दारात चपला काढायला वाकतात, मी म्हणते,
पापा, इथे उलटं, चपलांवर आणखी एक चढवायची.
कोला फोडून एक फाक मला देतात,
एक झोएलला,
एक पिंजऱ्यासमोर धरतात आणि मग स्वतःच खातात.

आज मी त्यांना आकडे दाखवले.
लहान मात्रेला काही नाही. मधल्याला काही नाही.
सर्वांत मोठ्या मात्रेला, अठ्ठावीस दिवसांनी,
यकृत जड.
“किती जड?”
मी सांगितलं. दोन ग्रॅमसुद्धा नाही.
“एवढी साल कोण पितं, ओदेत?
एवढं पाजलं तर विहिरीचं पाणीही मारेल.”
खरं आहे. डॉ. तेमगुआंनी शेवटच्या परिच्छेदात
हेच लिहिलंय, जरा लांबवून.

पापा स्टुलावर बसले.
“रोग्याच्या आधी पहिला घोट मी घेतो.
त्याच्या देखत. वडीलही घ्यायचे.
त्याशिवाय कुणी दुसऱ्याच्या हातचं पिईल का?
एकेचाळीस वर्षं झाली.
ते सगळं मिळून किती होतं?”

विषाचं गणित असं साचवून होत नाही,
असं म्हणायला मी तोंड उघडलं,
आणि कॅल्क्युलेटर ओढला.
दिवसाला चार रोगी. पावसात नऊ.
घोट म्हणजे किती? त्यांनी बाटलीचं झाकण दाखवलं.
मी गुणत गेले. खाली भागायला वजन लागतं,
आमचं सगळं दर किलोमागे असतं.
“तुमचं वजन, पापा?”
त्यांना ठाऊक नव्हतं.
आमचा काटा पाचशे ग्रॅमला थांबतो.

चष्मा काढून ते पुसत होते तेव्हा
मला त्यांचे डोळे दिसले.
खिडकीतलं ऊन असेल.
पण ती पिवळी मला ओळखीची आहे,
माझ्या नखांवरून ती आठवडाभर जात नाही.
कुठल्या रकान्यात लिहू?

ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, रागावले.
तासाभराने मक्याच्या दलालाकडून परत आले,
सिमेंटच्या गोणीचा एक कपटा घेऊन.
कोळशाने लिहिलेलं: ५८.
“काठीसकट,” ते म्हणाले. “काठी वजा कर.”

मग बाही दुमडली
आणि उजवा हात माझ्यापुढे धरला,
डाव्याचा आधार कोपराखाली देऊन,
आमच्याकडे वडीलधाऱ्यांना वस्तू देतात तसा.